ऐकू आले नाही, की आठवले नाही?

वाचकहो, वार्धक्यात येणाऱ्या दोन उणिवांकडे आपण किती निरनिराळ्या दृष्टीने पाहतो, याचा आपण कधी विचार केला आहे काय? डोळ्यांत मोतीबिंदू उतरला की घरात धावपळ सुरू होते, डॉक्टरांची भेट ठरते, शस्त्रक्रिया होते, आणि काळा चष्मा लावून आजोबा ओसरीवर बसले की शेजारीपाजारी विचारपूस करून जातात. कानांच्या बाबतीत मात्र कोणालाच घाई नसते. ‘आता वय झाले’ एवढे म्हटले की प्रकरण मिटते. याहून विलक्षण गोष्ट अशी की, दृष्टी अधू झालेल्या माणसाची आपल्याला कणव येते आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाचे हसू येते. आपल्या तमाशाच्या बतावणीत काय किंवा नाटकांत काय, बहिरा म्हातारा रंगभूमीवर आला की प्रेक्षक हसावयास सिद्धच असतात. एकाने विचारावे एक, दुसऱ्याने सांगावे भलतेच! परंतु हीच भलती उत्तरे घरातल्या माणसाकडून वारंवार मिळू लागली, की हसू विरून जाते आणि त्याच्या जागी एक भीती येऊन बसते. यांची स्मृती तर जात नाही ना?

ही भीती आमच्या घरात चार वर्षांपूर्वी शिरली. तिचे पुढे काय झाले ते सांगावे, आणि त्या निमित्ताने घरच्या घरी करता येण्याजोग्या श्रवणपरीक्षेविषयी चार गोष्टी आपल्यापुढे ठेवाव्या, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही भिलईला राहतो. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आणि दुर्ग जिल्ह्यातील धानाच्या मुलखात पाहता पाहता साऱ्या भारतातील भाषा बोलणारे एक नगर वसले. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता, १ नोव्हेंबर २००० पासून तो छत्तीसगडात आहे. त्याच्याही आधी, १९५६ पर्यंत, दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात असल्यामुळे विदर्भातील मंडळींना हा मुलूख फारसा परका वाटला नाही. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामंजी म्हणतो, ते १९६५ साली वर्ध्याहून येथे आले. औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा कारखान्यात जाड पत्रे कापणे, ठोकणे आणि सांधणे हे त्यांचे काम. बाजूला बंगाली, समोर तेलुगू, मागे मल्याळी, अशा शेजारात त्यांचा संसार झाला. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, अशा तीन भाषा ते सहजपणे बोलत.

सासूबाई हयात होत्या तोपर्यंत मामंजींना ऐकू कमी येते ही गोष्ट घरात कोणाला ठाऊकच नव्हती असे म्हटले तरी चालेल. याचे कारण नंतर उलगडले. सासूबाई नेहमी त्यांच्या उजव्या हाताला बसत. कोणी काही बोलले की तेच वाक्य त्या सावकाश, त्यांच्या कानाशी, जणू स्वतःशीच बोलल्यासारखे पुन्हा उच्चारीत. पाहुण्यांना ती बायकी सवय वाटे. दूरध्वनी त्याच घेत, दाराची घंटा त्यांनाच ऐकू येई, बाजारात भाव त्याच करीत. पन्नास वर्षांच्या सहवासाने एक माणूस दुसऱ्याचे कान होऊन बसला होता आणि दोघांनाही त्याची जाणीव नसावी. २०२१ साली त्या गेल्या, आणि मामंजी एकदम ‘बदलले’. निदान सर्वांना तसे वाटले.

शनिवारी बँकेत जावयाचे आहे असे सकाळी सांगावे, तर शनिवारी ते पायजमा-बंडीवर निवांत बसलेले. वीजबिल भरले का, असे विचारले तर ‘हो, जेवलो’ असे उत्तर. कामास येणारी बाई उद्या सुटी घेणार असल्याचे सांगून गेली, आणि दुसऱ्या दिवशी हे दहा वाजेपर्यंत तिची वाट पाहत बसले. संध्याकाळी उद्यानातील बाकावर जुन्या सोबत्यांची बैठक भरे, तेथे जाणे त्यांनी सोडले. गणेशोत्सवात व्याख्यानाला नेले तर दहा मिनिटांत डुलकी. दूरदर्शनसंचाचा आवाज मात्र असा, की खिडकीच्या काचा थरथराव्या.

दिवाळीत नागपूरहून थोरले भाऊजी आले. रात्री जेवणानंतर सर्वजण बसले असता त्यांनी विषय काढला. बाबांना स्मृतिभ्रंश होतो आहे. त्यांच्या हाती बँकेचे व्यवहार ठेवणे धोक्याचे आहे. वरच्या मजल्यावर त्यांना एकटे झोपू देऊ नये. घराचे कागदही वेळीच कोणाच्या तरी नावावर करून घ्यावे. भाऊजी वाईट माणूस नाहीत, काळजीनेच ते बोलत होते. परंतु हे सारे बोलणे मामंजींच्या समोर, त्यांच्यापासून सहा हातांवर चालले होते, आणि ते पानदान पुढे ओढून, चेहऱ्यावर थोडेसे हसू ठेवून, एकदा याच्याकडे तर एकदा त्याच्याकडे पाहत होते.

नंतर एका दवाखान्यात त्यांना दाखविण्यात आले. बाहेर गर्दी, डोक्यावर पंखा, डॉक्टरांच्या तोंडावर मुखपट्टी. ‘मी तीन शब्द सांगतो, ते लक्षात ठेवा आणि पाच मिनिटांनी मला सांगा,’ असे डॉक्टर म्हणाले. मामंजींनी तीनांपैकी एकच शब्द सांगितला, आणि तोही चुकीचा. कागदावर गुण कमी पडले आणि भाऊजींचे म्हणणे खरे ठरल्यासारखे झाले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करा. जे कानात शिरलेच नाही, ते स्मरणात राहणार कसे? स्मृतीच्या बहुतेक परीक्षा तोंडी असतात. अमेरिकेत एका प्रयोगात तरुण आणि निरोगी मंडळींना मुद्दाम अस्पष्ट केलेल्या आवाजात हेच प्रश्न विचारण्यात आले, तेव्हा त्यांचेही गुण घसरले. मग ऐंशीच्या घरातील माणसाचे काय?

आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो माझ्या मुलीने. ती रायपूरला शिकते. ‘आजोबांची आठवण तपासली, कान कोणी तपासले?’ एवढेच ती म्हणाली आणि आपला मोबाईल घेऊन त्यांच्याजवळ बसली.

घरगुती श्रवणपरीक्षा म्हणजे काय, हे येथे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण याविषयी लोकांच्या कल्पना फार ढोबळ असतात. मागे उभे राहून टाळी वाजवावी, म्हातारा वळला की कान ठीक, अशी आपली समजूत. ही परीक्षा निरुपयोगी आहे. वार्धक्याने किंवा गोंगाटाने येणारे बहिरेपण आवाज बंद करीत नाही; ते आवाजातील काही भागच पुसून टाकते. आपल्या आतील कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्याच्या पोटात हजारो सूक्ष्म केसपेशी ओळीने बसविलेल्या असतात. उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी असतात आणि बहुधा त्याच आधी झिजतात. एकदा गेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. आता गंमत अशी की, आपल्या बोलण्यातील स्वर हे खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात, तर स, श, त, थ, ख, फ यांसारखी व्यंजने उंच पट्टीची आणि दुबळी असतात. त्यामुळे अशा माणसाला शब्दाचा देह ऐकू येतो, चेहरा ऐकू येत नाही. ताट, खाट, पाट, काठ हे चारही शब्द त्याला सारखेच. कोणीतरी बोलले हे त्याला नक्की कळते. काय बोलले हे त्याला ताडावे लागते. ‘भरले’ आणि ‘जेवलो’ यांची गाठ पडली ती अशी! म्हणूनच ही मंडळी ‘मला ऐकू येते, तुम्हीच पुटपुटता’ असे म्हणतात. आणि त्यांच्या बाजूने पाहता ते खोटे नसते.

टाळीपेक्षा शहाणी परीक्षा म्हणजे कुजबुजीची. डॉक्टर मंडळीही ती वापरतात आणि घरातील कोणाही समंजस माणसाला ती करता येते. खोली शांत असावी. पंखा, कूलर, दूरदर्शन सारे बंद. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याला खुर्चीवर बसवावे आणि आपण त्याच्या मागे एक हातभर अंतरावर उभे राहावे, म्हणजे ओठांची हालचाल त्याला दिसणार नाही. जो कान तपासावयाचा नाही, त्याच्या तोंडाशी असलेली लहानशी पाळी बोटाने हलकेच दाबून गोल फिरवीत राहावे, म्हणजे तो कान त्या खरखरीत गुंतून राहतो. आता स्वतःचा श्वास पूर्ण सोडावा आणि उरलेल्या हवेत तीन अक्षर-आकडे कुजबुजावे: ‘सात, क, पाच’. त्याने ते जसेच्या तसे म्हणून दाखवावे. चुकले तर दुसरे तीन घ्यावे. दोन्ही मिळून सहांपैकी निदान तीन बरोबर आले नाहीत, तर तो कान तज्ज्ञाला दाखविणे अवश्य समजावे. श्वास सोडण्याची अट लहान दिसली तरी महत्त्वाची आहे. छातीत हवा भरलेली असली की आपली कुजबुज नकळत मोठी होते आणि प्रेमळ परीक्षक परीक्षार्थ्याला उत्तीर्ण करून टाकतो.

या परीक्षेसाठी मराठी आकडे किती उपयोगी आहेत, हे मला तेव्हा प्रथमच जाणवले. चार, पाच, सात, आठ या चारही आकड्यांत स्वर एकच, ‘आ’. फरक काय तो व्यंजनांचा. दोन आणि तीन ओळखणारा माणूस सात आणि आठ यांत घसरला, की दोष कोठे आहे ते कळते.

मोबाईलवरील परीक्षा निराळ्या तत्त्वावर चालते. नेदरलँड्समध्ये या शतकाच्या आरंभी साध्या दूरध्वनीवरून ती लोकांना करता येऊ लागली, आणि ३ मार्च २०१९ च्या जागतिक श्रवणदिनाच्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने तिच्यावर आधारलेले ‘हिअरडब्ल्यूएचओ’ हे विनामूल्य साधन लोकांच्या हाती दिले. पावसाच्या सरीसारखा एक खरखराट चालू असतो आणि त्यात तीन आकडे उच्चारले जातात. ऐकणाऱ्याने ते आकडे दाबावयाचे. बरोबर आले तर पुढचे तीन आणखी हळू येतात, चुकले तर थोडे मोठ्याने. अशा रीतीने, किती गोंगाटातून आपल्याला शब्द वेचता येतो, ती सीमा सापडते. येथे मोजला जातो तो आवाज आणि खरखराट यांतील फरक. म्हणून स्वस्तातले कर्णश्रावक असले तरी फारसे बिघडत नाही. ज्या मोबाईल-परीक्षांत नुसते ‘पीं, पीं’ असे सूक्ष्म स्वर ऐकवितात, त्यांचे तसे नाही. तेथे कर्णश्रावक प्रमाणित नसेल तर आकडा विश्वासार्ह नसतो. उलट, कानात मळाचा बोळा बसला असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर खरखराटाची परीक्षा कधी कधी तो दोष पकडू शकत नाही, कारण तेव्हा आवाज आणि खरखराट दोन्ही सारखेच मंद होतात. तेव्हा ‘मोबाईलने पास केले’ म्हणून निश्चिंत होणे बरे नव्हे.

मामंजींच्या बाबतीत आणखी एक पेच निघाला. मुलीने लावलेली परीक्षा इंग्रजीत होती. सहा दशके हिंदी मुलखात काढलेला, कारखान्यात इंग्रजी मापे वाचलेला हा माणूस. तरी हिशेब करतो तो मराठीत. परक्या भाषेतील शब्द गोंगाटातून ओळखणे चांगल्या कानालाही जड जाते. म्हणून इंग्रजी परीक्षेचा वाईट निकाल तेवढ्यावरच न मानता मुलीने मराठीत कुजबुज केली. उजव्या कानाने सहांपैकी दोन. डाव्या कानाने एकही नाही. भिलईसारख्या बहुभाषिक गावात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माझे सांगणे आहे की, माणूस ज्या भाषेत आकडे शिकला, त्याच भाषेत त्याची परीक्षा घ्यावी.

पुढे श्रवणतज्ज्ञाकडे गेलो. बंद खोलीत यंत्राने रीतसर मोजणी झाली. डाव्या कानातून बोराएवढा मळ निघाला. पण तो निघाल्यावरही दोन्ही कानांचा आलेख उंच पट्टीकडे उतारावरून घसरत गेलेला दिसला. (मळ निघाला म्हणून सांगते: कानात तेल ओतणे, काडी, केसातली पिन वा किल्ली घालणे हे आपल्याकडील सनातन उद्योग कृपा करून बंद करावेत.) वयाचा वाटा किती आणि घणांच्या आवाजाचा किती, हे इतक्या वर्षांनी कोणी सांगू शकत नाही. आवाजाने कान जातात ही गोष्ट काही आजची नव्हे. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी १७१३ साली व्हेनिसच्या तांबटांविषयी लिहिले आहे की, दिवसभर तांबे ठोकून ते बहिरे होतात. आपल्या पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ज्यांनी कधी पाऊल टाकले असेल, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. आपल्याकडे कारखाने कायद्याखालील नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबेलची मर्यादा घातली होती, आणि गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाची गणना कामामुळे जडणाऱ्या रोगांत केली होती. ९० नंतरचा दर पाचाचा टप्पा चढला की तास निम्मे: ९५ ला चार, १०० ला दोन. हे गणित लग्नाच्या वरातीतील आणि विसर्जनाच्या मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांसमोर नाचणाऱ्या तरुणांना कोणी सांगेल काय?

आता मूळ भीतीकडे वळू. कानांचा आणि बुद्धीच्या ऱ्हासाचा काही संबंध आहे काय? आहे, परंतु तो वर्तमानपत्री मथळ्यांत दिसतो तितका सरळ नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ६३९ माणसांची सुमारे बारा वर्षे पाहणी करून फ्रँक लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवून दिले की, चांगले ऐकू येणाऱ्यांच्या तुलनेत सौम्य श्रवणदोष असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे दुप्पट, मध्यम दोषात तिप्पट आणि तीव्र दोषात जवळजवळ पाचपट होते. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. ही सर्व दूर करता आली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, आणि त्यांत एकट्या श्रवणदोषाचा वाटा ७ टक्के आहे, असा त्यांचा अंदाज. हा ७ टक्के साऱ्या समाजाचा हिशेब आहे, आपल्या घरातील आजोबांचे भविष्य नव्हे.

असे का घडत असावे, याविषयी तीन-चार विचार मांडले जातात. अर्धवट ऐकलेल्या शब्दांची जुळवाजुळव करण्यात मेंदूची शक्ती खर्च होते आणि लक्षात ठेवण्यासाठी ती उरत नाही. ऐकू येत नाही म्हणून माणूस बैठकीत जाणे सोडतो आणि एकटेपणा मेंदूला वाळवितो. आवाजाचे खाद्य न मिळाल्याने मेंदूचा तो भाग आक्रसतो. किंवा कान आणि मेंदू या दोहोंना रक्त पुरविणाऱ्या वाहिन्याच बिघडलेल्या असतात, आणि एक दुसऱ्याचे कारण नसून दोन्ही तिसऱ्याच कशाचे तरी परिणाम असतात. बाकावरची बैठक सुटल्यावर मामंजी जसे खचत गेले ते पाहून माझे मन दुसऱ्या विचाराकडे झुकते. पण एका घरावरून शास्त्र ठरत नाही.

मग श्रवणयंत्र लावल्याने स्मृतिभ्रंश टळतो काय? ब्रिटनमधील मोठ्या माहितीसाठ्यावर आधारलेला एक निबंध २०२३ साली ‘टळतो’ असे म्हणत प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो मागे घ्यावा लागला, कारण संगणकातील हिशेबात यंत्र वापरणारे आणि न वापरणारे यांची अदलाबदल झाली होती! त्याच वर्षी अमेरिकेतील चार ठिकाणी झालेल्या काटेकोर प्रयोगाचे निष्कर्ष आले. ७० ते ८४ वयाच्या ९७७ माणसांपैकी निम्म्यांना यंत्रे आणि मार्गदर्शन दिले, निम्म्यांना सर्वसाधारण आरोग्यशिक्षण. तीन वर्षांनी दोन्ही गटांत एकंदरीने फरक दिसला नाही. परंतु ज्यांना मुळातच धोका अधिक होता, अशा लहान गटात बुद्धीच्या ऱ्हासाचा वेग यंत्रामुळे ४८ टक्क्यांनी मंदावला. तेव्हा यंत्र विकणारा दुकानदार ‘हे लावा, स्मृती शाबूत राहील’ असे म्हणाला, तर त्याला नम्र नकार द्यावा. यंत्र घ्यावयाचे ते ऐकू यावे म्हणून. माणसाला आपल्या माणसांचे बोलणे कळावे, हे कारण पुरेसे नाही काय?

मामंजींना दोन्ही कानांना यंत्रे बसविली. निम्मा खर्च भाऊजींनी उचलला. (ज्यांना हा खर्च झेपत नाही अशा दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी २०१७ पासून ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ आहे, तिच्यातून श्रवणयंत्रे मिळतात.) पहिले पंधरा दिवस घरात युद्ध झाले. ‘सूनबाई, पातेल्यावर झाकण ठेवलेस की तोफ उडाल्यासारखे वाटते,’ असे म्हणून ते यंत्र काढून पानदानात ठेवीत. वर्षानुवर्षे शांततेला सरावलेल्या मेंदूला पुन्हा आवाजाची सवय होण्यास कित्येक आठवडे लागतात. ही गोष्ट श्रवणतज्ज्ञाने आधीच सांगून ठेवली होती म्हणून बरे. नाही तर ती यंत्रे पानदानातच राहिली असती, जशी पुष्कळ घरांत कपाटाच्या खणात पडून असतात. सुरुवातीला शांत खोलीत तासभर, मग दोन तास, मग जेवणाच्या वेळी, असे करीत दीड महिन्यात ते दिवसभर यंत्र लावू लागले. आम्हीही काही शिकलो. समोर येऊन बोलावे, एका वेळी एकानेच बोलावे, ओरडू नये. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने नव्हेत.

चार महिन्यांनी स्मृतीची परीक्षा पुन्हा झाली, या वेळी शांत खोलीत, यंत्रे लावून, आणि शब्द उच्चारण्याबरोबर कागदावर लिहून दाखवून. तिन्ही शब्द त्यांनी पाच मिनिटांनी बिनचूक सांगितले. एकंदर गुण बरेच वाढले.

येथे गोष्ट संपवावी असा मोह होतो, पण ते खरे होणार नाही. तारीख त्यांना सांगता आली नाही. घड्याळाचे चित्र काढताना काटे चुकले. आणि त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी सुपेल्याच्या बाजारातून घरी येताना ते वाट चुकले. साठ वर्षांच्या ओळखीची वाट. याचा कानांशी संबंध लावता येत नाही. मेंदुविकारतज्ज्ञांनी याला स्मृतिभ्रंश म्हटले नाही, ‘बुद्धीचा सौम्य ऱ्हास’ म्हटले. हा वाढेल किंवा वर्षानुवर्षे असाच राहील. रक्तदाब सांभाळा, फिरवा, माणसांत ठेवा, दरवर्षी दाखवा, असे सांगितले. भारतात साठीपुढच्या शंभर माणसांत सातांहून अधिकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. तेव्हा भाऊजींची भीती निराधार नव्हती. ती अवेळी आणि चुकीच्या पुराव्यावर उभी होती, एवढेच. बँकेचे खाते आता बापलेकांच्या संयुक्त नावे आहे आणि सही मामंजीच करतात. घराचे कागद आहेत तेथेच आहेत.

त्या कागदांवरून आठवले. यंत्रे लागल्यावर एके दिवशी भाजी निवडत असता त्यांनी मला विचारले, ‘दिवाळीत तुम्ही सगळे घराबद्दल काय बोलत होता?’ मी म्हटले, ‘मामंजी, तुम्हाला ते ऐकू आले होते?’ ते म्हणाले, ‘सगळे नाही. “घर” आणि “नावावर” एवढेच ऐकू आले. बाकीचे मी लावून घेतले.’ घ, र, न, व. सारी घुमणारी, खालच्या पट्टीची अक्षरे. त्या दोन शब्दांवरून त्यांनी काय लावून घेतले आणि किती रात्री ते मनात घोळवले, हे मी विचारले नाही.

वाचकहो, दोन सूचना राहिल्या. एखाद्याला एका कानाने अचानक, काही तासांत वा दोन-तीन दिवसांत, ऐकू येईनासे झाले तर घरगुती परीक्षेत वेळ घालवू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, कारण तेथे औषधाला मुदत असते. कान वाहणे, चक्कर येणे, एकाच कानात सतत गुंजन होणे यांनाही तोच नियम. आणि बाकी सर्वांनी साठी उलटली की वर्षातून एकदा कुजबुजीची परीक्षा करावी, वाढदिवसाला केली तरी चालेल. जिल्हा रुग्णालयांतून यापुढील तपासणीची सोय व्हावी म्हणून २००७ पासून राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. मुंबईत अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था या तर या विषयाच्या मोठ्याच संस्था.

मामंजी पुन्हा बाकावर जाऊ लागले आहेत. तेथे त्यांनी एक नवाच उद्योग आरंभिला आहे: सोबत्यांच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून कुजबुजण्याचा. बंगाली गृहस्थांच्या कानात नुसताच मळ निघाला. तेलुगू शेजाऱ्यांची परीक्षा मात्र अडली आहे, कारण आकडे त्यांच्याच भाषेत हवेत, असा मामंजींचा आग्रह. आणि तेलुगू आकडे त्यांना कोठे येतात? म्हणून ते शेजाऱ्यांकडूनच शिकणे चालू आहे. ओकटी, रेंडु, मूडु येथपर्यंत ठीक जाते. सहाचे ‘आरु’ आणि सातचे ‘एडु’ यांची अजून अदलाबदल होते.